दोन यंत्रं आणि मार्लिसचे हात

डुलुथ शहरातल्या इस्पितळात, मुलांच्या वॉर्डात नर्स मार्लिस हॉगनच्या हातांचं नाव होतं. एखाद्या लेकराचं हृदय थांबलं की छाती दाबायला एकतीस वर्षं तिलाच हाक जायची. त्यामुळे दर तीन महिन्यांनी बाहुलीची छाती दाबून द्यायची परीक्षा तिला पोरखेळच वाटे. या खेपेला मात्र टेबलावरच्या बाहुलीच्या पडद्यावर छाती किती दबली याचा आकडा आला चार सेंटिमीटर. हवे होते पाच.

"पुन्हा करते," ती म्हणाली. पुन्हा चारच.

परीक्षा घेणारी इडिल तिच्या लेकीच्या वयाची. "मार्लिस, आज जमलं नाही तर तातडीच्या चमूतून तुमचं नाव काढावं लागेल मला. नियमच आहे."

"काढ की! आधी तुझ्या बाहुलीला काय झालंय ते बघ."

बोलली खरी. तो चमू गेला तर मागे उरणार गोळ्या वाटणं आणि ताप बघणं.

"वॉर्डात मला दरवेळी हिरवा दिवा लागतो, पोरी."

वॉर्डात मुलाच्या छातीवर हाताखाली एक चकती ठेवत. पुरेसं दाबलं की तिच्यावर हिरवा दिवा लागे, कमी पडलं की ती "जोर वाढवा" म्हणे. इडिलने बाहुली वॉर्डातल्या रिकाम्या पलंगावर नेली, छातीवर चकती ठेवली. मार्लिसने दाबलं. चकती हिरवी. बाहुलीच्या पडद्यावर साडेतीन!

हात तेच, वेळ तीच, आणि एक पाठ थोपटते, दुसरी कान पिळते. मार्लिसला काही कळेना. इडिललाही. तिने चकतीची बॅटरी बदलून पाहिली.

"झालं, आता चकती नि बाहुली ताज्या दमाने भांडतायत," मार्लिस म्हणाली. "असं कर, तू दाब. मी बघते."

ती गुडघे टेकून खाली बसली आणि ओव्हनमधला केक फुगतोय का बघावं तशी गादीच्या पातळीवरून बघत राहिली. इडिल दाबू लागली. छाती थोडी दबत होती. पण अख्खी बाहुलीच गादीत रुतत होती. वरची चकती मात्र आपण जेवढं खाली जातो तेवढं सगळं छातीचंच दबणं धरत होती.

"पाठीखालची फळी कुठाय?" इडिलने विचारलं.

मार्लिसने खाली बोट दाखवलं. अंग गादीत रुतू नये म्हणून पाठीखाली सरकवायची ती टणक फळी पलंगाच्या पायथ्याशीच होती. गेल्या वर्षी चकत्या आल्या तेव्हा तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं, फळी सरकवण्यात वेळ घालवू नका, त्याशिवायही हिरवा दिवा लागतो. मार्लिस सांगतेय म्हटल्यावर कोण उलट विचारणार?

फळी सरकवली. आता चकती आणि बाहुली यांचं एकमत झालं: जोर कमी. हिरव्या दिव्याच्या भरवशावर मार्लिसचा जोर वर्षभरात हळूहळू उतरला होता. मार्लिसने कोपरं ताठ केली, सगळं अंग वर आणलं. दोन मिनिटांत घामाघूम झाली. पाच.

"एवढं? मोडेल की गं लेकरू!"

"एवढंच लागतं. नाव राहिलं तुमचं."

मार्लिस जागची हलली नाही. "वर्षभर आम्ही फळीशिवाय दाबलं, इडिल. काही पोरं वाचली, काही गेली. ते कशानं?"

"मला नाही सांगता येणार."

"मग फळीचं तरी मी सगळ्यांना सांगते."

जेवणाच्या खोलीत वॉर्डातली तिची सोबतीण गेल बटाट्याचा भाजलेला हॉटडिश ताटल्यांत वाढत होती. "काय गं, पास ना? की म्हातारी झालीस?"

"पास. पण ऐका सगळ्याजणी. फळी लावायचीच. मी चुकीचं सांगितलं होतं."

गेलचा डाव हवेतच राहिला. "अगं, पण हिरवा दिवा तर लागायचा!"

"लागायचा. चकती खाली जायची, हे खरंच होतं. पण पोरही तिच्याबरोबर खाली जायचं."

"म्हणजे आपलं बरोबर होतं की चूक?"

मार्लिसने ताटली उचलून तिच्यापुढे धरली.

"फळी लाव, गेल," ती म्हणाली.