टीव्हीवरची खाष्ट सासू, आमची एस्तेर आत्या

माझ्या आत्याला लोक पैसे द्यायचे. तिनं त्यांना झापावं म्हणून.

काल दुपारी तिला मूठमाती दिली. तेव्हापासून फोन थांबत नाहीये.
"तिचा तो डायलॉगवाला व्हिडिओ असेल तर पाठव ना, स्टेटसला ठेवतो."

नाही पाठवणार. का, ते इथे एकदाच लिहिते. प्रत्येकाला वेगळं सांगायची ताकद नाही राहिली.

तुम्ही तिला त्या सिरियलमधली सासू म्हणून ओळखता. मोठी नथ, कपाळभर कुंकू, देवघरासमोर उभं राहून सुनेला टोचून बोलणारी.

घरी ती एस्तेर आत्या. पप्पांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. शूटिंग नसलं की मुंबईहून यायची आणि रविवारी आमच्याबरोबर चर्चला. साधी पांढरी साडी, मागचा बाक.

चर्चच्या दारातसुद्धा बायका धरायच्या. "खऱ्या सुनेशीपण अशाच वागता का हो?"
"मला सून कुठंय बाई," म्हणायची आणि सही द्यायची.

तेव्हा सही फुकट होती.

मग सिरियल जोरात चालली आणि दुकानांची उद्घाटनं सुरू झाली. नगरच्या एका साडीच्या दुकानात ती तासभर फोटोंवर सह्या करत बसली. तिला वाटलं, साडीवर फ्री देतायत. रांगेतल्या एका आजीनं सांगितलं की फोटोचे वेगळे पैसे घेतले.

गाडीत बसल्यावर मला म्हणाली, "या बाईचा राग यायला पाहिजे गं लोकांना. पैसे देऊन कशाला येतात?"


सिरियल संपली. नंतर अर्धांगाचा झटका आला आणि ती केडगावला आमच्याकडे आली, ती कायमचीच.
उजवा हात गेला. सही गेली. आवाज मात्र शाबूत.

मग ते ॲप आलं. फॅननं पैसे भरायचे, कलाकारानं त्याच्या नावानं छोटा व्हिडिओ करून पाठवायचा. बाकीच्यांकडे लोक बर्थडेच्या शुभेच्छा मागतात. आत्याकडे सगळे एकच मागायचे. झापा.
मित्र जाडा झालाय, झापा. पोरगी अभ्यास करत नाही, झापा.

मी नागापूरला कंपनीत अकाउंट्सला. सुटल्यावर घरी येऊन तिला नथ लावायची, उजवा हात पदराखाली झाकायचा, मोबाईल धरायचा. झालं की नथ काढायची.
दोघीही दमलेल्या असायचो. पण औषधं, फिजिओ सगळं तिच्या कमाईत भागायचं. भावावर भार नाही, एवढंच तिला बरं वाटायचं.

एकदा सोनईहून ऑर्डर आली. एका नवऱ्याची. मी वाचून दाखवली.
"बायकोचा बर्थडे आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही. त्यावरून तुमच्या स्टाईलमध्ये झापा. फुल कॉमेडी पाहिजे."

आत्यानं मला मोबाईल बाजूला ठेवायला लावला.
"पैसे परत कर त्याचे."
केले. मला वाटलं विषय संपला.

पुढच्या रविवारी दोघं दारात हजर. पत्ता काय, केडगावात कुणीही सांगितला असता. त्याच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. ती त्याच्या मागे, नवीन साडीत.

"ही तुमची लई मोठी फॅन हाय," तो म्हणाला. "व्हिडिओ न्हाई तर न्हाई. समोरासमोर झापा. पैसे देतो की."

आत्यानं तिला शेजारी बसवून घेतलं.
"नाव काय तुझं?"
"मनीषा."
"असं कुणी बोललं की हसू येतं का गं तुला?"
ती खाली बघत म्हणाली, "सवय हाय."

आत्या त्याच्याकडे वळली. व्हिडिओ सोडले तर घरात तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"लाज नाही वाटत? वाढदिवसाला बायकोसाठी अपमान विकत घ्यायला आलास? डॉक्टरकडे तू गेलास का कधी? आधी स्वतःला तपासून घे, मग तिला बोल!"

त्यानं टाळ्या वाजवल्या.
खरंच.
"एक नंबर! तोच आवाज!" मोबाईल काढला. "आता रेकॉर्ड करतो, परत एकदा म्हना ना."

"अरे, मी खरं बोलतेय."
"व्हय व्हय, तेच. तसंच म्हना."

मनीषा हसली नाही. आत्याचा तो निकामी हात तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

ते गेल्यावर आत्या खिडकीकडे बघत बसली. मग म्हणाली, "नथ नव्हती गं घातली मी आज. तरी त्याला कळलं नाही."

त्याच दिवशी मला ॲप काढून टाकायला लावलं. महिन्याभरात फिजिओही बंद केला. पप्पा चिडले, मी भांडले. ऐकली नाही. मग अंथरूणच धरलं तिनं.

काल कबरस्तानात मनीषा आली होती. सोनईहून एसटीनं, एकटीच. माती देऊन बाजूला उभी होती. मी जवळ गेले.

"कशी आहेस?"
"हाय." थोडं थांबून म्हणाली, "ह्यांनी न्हाई तपासून घेतलं. मी घेतलं, भैनीबरोबर जाऊन. माझ्यात काई दोष न्हाई म्हनाले डॉक्टर. आत्यांना सांगायचं हुतं. येते येते म्हनत ऱ्हायले."

"घरी सांगितलंस?"
मान हलवली. "अजून न्हाई."
मग तिच्या गाडीची वेळ झाली.

आत्या, तुला सांगायला आली होती ती. तू नव्हतीस, म्हणून मी ऐकून घेतलं.

खूप दमली होतीस. नीज आता.
आम्हा सगळ्यांचा तुला भरल्या मनानं निरोप.