बाबांचं शब्दांकन

दक्षता मढवीने इतक्या वर्षांत जे काही लिहिलं, त्यातल्या एकाही पुस्तकावर तिचं नाव नव्हतं. आणि याचं तिला काही वाटतही नसे.

ठाण्या-डोंबिवलीकडे माणूस पंचाहत्तरीला आला की मुलांना एकदम बापाचा पुळका येतो. हॉल बुक होतो, शाल आणली जाते, केटरर ठरतो आणि मग कुणीतरी म्हणतं, बाबांचं एक पुस्तक काढूया. बाबांनी उभ्या आयुष्यात रेशनकार्डाच्या अर्जापलीकडे काही लिहिलेलं नसतं. तेव्हा बाबा मोबाईलसमोर बसून बोलतात आणि दुसरं कुणीतरी ते लिहून काढतं. या लिहून काढण्याला शब्दांकन म्हणतात. ठाण्यात साईनाथ सर हे काम घेत. घरी जाऊन गोड बोलत बोलत आजोबांना बोलतं करायचं, ही कला त्यांच्याकडे होती. बसून लिहायचा मात्र त्यांना कंटाळा. ते रेकॉर्डिंग डोंबिवलीला दक्षताकडे पाठवत, दक्षता पुस्तक लिहून देई, आणि आतल्या पानावर ‘शब्दांकन : साईनाथ सर’ असं छापून येई. सर माणूस वाईट नव्हते. तिने कधी नाव मागितलं नाही, त्यांनी कधी दिलं नाही.

लिहायला तिला सरांनीच शिकवलं होतं. लग्नानंतर ती त्यांच्या रविवारच्या लेखनवर्गाला जायची. तिचा पहिला निबंध विशेषणांनी इतका लगडलेला होता की सरांनी त्यातली निम्मी विशेषणं खोडली आणि उरलेल्या निबंधात काहीच शिल्लक राहिलं नाही. ती रडली नाही. पुढच्या रविवारी नवा निबंध घेऊन गेली. हळूहळू वाक्य कुठे थांबवायचं ते कळलं, प्रत्येक परिच्छेद ‘त्या काळी’ने सुरू करायचा नसतो हे कळलं, बोलणारा जिथे घुटमळतो तिथेच खरी गोष्ट असते हेही कळलं. हात तयार झाला. धीर तेवढा आला नाही. कुणी विचारलं, काय करतेस, तर ती सांगायची, टायपिंग करते. लेखिका आहे म्हटलं की लोक विचारणार, कुठलं पुस्तक? मग काय दाखवायचं? सासरी टायपिंग, माहेरी टायपिंग. नवरा, प्रणित, तेवढा खरं जाणून होता, पण तोही एमआयडीसीत मित्रांना टायपिंगच सांगायचा. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

आणि एक झालं होतं. दुसऱ्यांचं ‘मी’ लिहून लिहून तिच्या आत काहीतरी बधिर झालं होतं. सुरुवातीला कुणाचं तान्हं मूल गेल्याचं ऐकलं की तिचा हात थांबायचा. आता ती तेवढं ऐकायची, लिहायची आणि कुकर लावायला उठायची. तिच्या सगळ्या पुस्तकांतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं बालपण ‘गरिबीत पण आनंदात’ गेलं होतं. त्यातला एखादा तरी गरिबीत आणि दुःखात वाढला असेलच की, पण दक्षता त्याला तसं वाढू देत नसे. घरच्यांना ते आवडायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात सरांकडून नवं रेकॉर्डिंग आलं. सोबत नाव : परशुराम वैती, बाळकुम.

ते तिचे वडील होते.

सरांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांच्या लेखी ती मढवी. आणि तिच्या भावाला, धनेशदादाला, ठाऊक असायचं कारण नव्हतं, कारण बहीण टायपिंग करते. बाबांचं पुस्तक काढायचं म्हटल्यावर त्याने चारचौघांत विचारलं, ठाण्यात हे काम कोण चांगलं करतं, आणि चारचौघांनी त्याला सरांचं नाव सांगितलं. फसवलं कुणीच कुणाला नव्हतं. तिचीच थाप फिरून तिच्या दारात आली होती.

सरांना फोन करून सांगावं असं तिच्या मनात आलं. मग ते राहिलं. तिने हेडफोन लावला.

बाबा पाहुण्यासमोर बोलतात तसं बोलत होते. जपून, पुस्तकी. ‘आम्ही मच्छीमारीचा व्यवसाय करीत होतो.’ असं वाक्य बाबांच्या तोंडून तिने जन्मात ऐकलं नव्हतं. मागून आईने, चंद्रभागाबाईने, सरांना साखर किती म्हणून विचारलं. बाबा खाडीवर बोलले, होडीवर बोलले, जमिनीवर टॉवर उभे राहिले त्यावर बोलले. दक्षताला काहीच वाटलं नाही. इतकं काहीच वाटलं नाही की तिचं तिलाच जरा विचित्र वाटलं. तिने पहिलं प्रकरण नेहमीसारखं हातावेगळं केलं. ‘माझे बालपण खाडीच्या सान्निध्यात, गरिबीत पण आनंदात गेले.’ वाचून पाहिलं. एकही चूक नव्हती. नाव बदललं असतं तर ते डोंबिवलीच्या कुठल्याही निवृत्त हेडक्लार्कला चाललं असतं, फक्त खाडी तेवढी काढावी लागली असती.

तिसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये चहा झाल्यावर बाबांची जीभ सैल झाली आणि ते आपल्या बोलीवर आले. सरांनी सहज विचारलं, “मुलगी काय करते?”

बाबा थोडे थांबले. मग म्हणाले, “पोरगी डोंबिवलीला दिलेली हाय. सर, ह्या पुरचा लिवू नका हां. माना वाटला व्हता, तिलाच सांगाचा, तूच लिव आमचा. ती टायपिंग करते, पन तिला लिवाला येतंय, माना ठाव हाय. शालंन व्हती तवा निबंद लिवाची. पन इचाराची हिंमत नाय झाली. ती आता आमच्याशी पावन्यासारकी बोलते. आमची भाषा तिला नाय चालत. मी इचारला आनि ती बोलली, बाबा, कामातून येल नाय, तं मंग? म्हनून पोराला बोललू, भायेरचा मानूस बघ.”

सर म्हणाले, “नाही लिहिणार. शब्द देतो.” आणि पुढे जिताडा माशाच्या मोसमाचं विचारलं.

सवयीने दक्षताने ते सगळं टाइप केलं होतं. लिहायचं नाही हे लक्षात आल्यावर तिने ते पुसलं. मग तांदूळ धुतले. संध्याकाळी प्रणितने विचारलं, “काय गं, काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही.” ते खोटं नव्हतं. दाताला भूल दिल्यावर जशी गालाची एक बाजू आपली राहत नाही, तसं तिला झालं होतं. दुखत नव्हतं.

बाबा म्हणाले त्यात चूक काही नव्हती. ठाण्यातल्या कॉलेजात पहिल्याच वर्षी ती कँटीनमध्ये ‘माना पानी दे’ म्हणाली होती आणि अख्खं टेबल हसलं होतं. त्यांच्यात वाईट कुणीच नव्हतं, हसू आलं म्हणून हसले. तेव्हापासून तिने जीभ घासायला घेतली. इतकी घासली की माहेरी गेली तरी ‘आई, मला पाणी देतेस का?’ असंच तोंडात येई. आई पाणी द्यायची आणि मग दोघींना पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही. हे तिला ठाऊक होतं. बाबांनाही ठाऊक आहे, हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पहिलं प्रकरण बाजूला टाकलं आणि कोरं पान उघडलं. मोठा निश्चय वगैरे काही केला नाही. त्या प्रकरणाची तिला शिसारी आली होती, एवढंच.

बाबांच्या बोलीत लिहायचं तर आधी ती आठवायला हवी. हात आपोआप शुद्ध लिहायचा. ‘पाणी’ लिहिलं की परत जाऊन ‘पानी’ करावं लागे. स्वयंपाकघरात ती वाक्यं मोठ्याने म्हणून बघायची. शेजारच्या रसिकाने एकदा दारातून विचारलं, कुणाशी बोलतेयस? एखादा शब्द अडला की आईला फोन. ओहोटीला चिखलात हाताने मासे धरतात, त्याला आपण काय म्हणतो? आई सांगायची आणि विचारायची, “तुला कशाला पायजे?” “असंच.” आईला असंच पुरायचं. उलट हल्ली पोरगी रोज फोन करते याचं तिला बरं वाटायला लागलं होतं.

सरांनी शिकवलेलं सगळं इथे कामी आलं. फाफटपसारा काढायचा, घुटमळ ठेवायची. बाबा पोरवयात आपल्या बापाबरोबर होडीवर गेले, तो भाग असा झाला : ‘भरतीचा पानी चरत व्हता. बाबा बोलला, पोरा, जालं खेच. मी बोललू, माना भ्याव वाटतंय. बाबा बोलला, मानाबी वाटतंय, खेच.’ एवढं लिहून ती थांबली. यात आणखी काही घालायची गरज नव्हती. असं तिने याआधी कधीच लिहिलं नव्हतं आणि हे चांगलं आहे हे तिला सरांना न विचारता कळत होतं. आनंद वगैरे झाला नाही. पण कळत होतं.

पुस्तक पूर्ण करून तिने पाठवलं. सरांचा लगेच फोन.

“दक्षता, हे काय? शब्दांकन करायचं राहिलं का?”

“नाही सर. हेच आहे.”

“अगं, लोक हसतील. मोठी माणसं झालीत ती आता, कॉम्प्लेक्समध्ये राहतात. त्यांना हे चालणार नाही.”

“सर, ते माझे वडील आहेत.”

मग सर हळू म्हणाले, “आधी नाही सांगितलंस.”

“नाही सांगितलं. आणि सर, यावर माझं नाव पाहिजे.”

हे वाक्य बोलायला तिला इतकी वर्षं लागली होती, आणि बोलताना आवाज दूधवाल्याला उद्या एक पिशवी कमी म्हणून सांगावं तसा सपाट निघाला. सर नावाला नाही म्हणाले नाहीत. त्यांनी वेगळंच विचारलं. “तो भाग ऐकलास तू?”

“ऐकला.”

“मग बघ. तुझं नाव आलं की त्यांना कळणार, तू ऐकलंयस. मी त्यांना शब्द दिला होता. नाव नसेल तर ते पुस्तक माझं, आणि ते बोलणं माझ्यापाशीच राहील. म्हातारा माणूस आहे, दक्षता. पंचाहत्तरीच्या दिवशी त्याला ओशाळं वाटायला नको. छपाईला जायच्या आधी सांग.”

सरांचं म्हणणं रास्त होतं, आणि त्याचाच त्रास होता. नाव घ्यावं तर बाबांनी परक्यापाशी विश्वासाने ठेवलेलं उघडं पडणार. नाव सोडावं तर पोरीने लिहिलं हे बाबांना कधीच कळणार नाही; हिंमत केली नाही ते बरंच केलं, असंच समजून ते राहणार. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचं नाव हवं होतं, आणि नेमकं तेच जड झालं होतं. दोन दिवस ती घरातली कामं करत राहिली. प्रणित म्हणाला, “तुला काय वाटतं?” ती म्हणाली, “मला काही वाटतच नाही रे, तोच तर प्रॉब्लेम आहे.” मग तिने सरांना निरोप पाठवला. नाव टाका.

बाळकुमला सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. शाल झाली, नारळ झाला, नगरसेवक येऊन घाईघाईने गेले. धनेशदादाने माईकवर पुस्तकातलं पान वाचायला घेतलं. पहिल्या दोन ओळी तो अडखळला, मग त्याचा सूर लागला, कारण ती भाषा त्याला वाचावी लागत नव्हतीच. जाळं खेचायच्या ठिकाणी मागे बसलेल्या म्हाताऱ्या हसल्या आणि एकीने नाक पुसलं. कॉलेजातलं ते हसणं आणि हे हसणं एक नव्हे, हे दक्षताला कळलं. सर पहिल्या रांगेत होते. लोकांनी त्यांचं अभिनंदन केलं तर त्यांनी हात जोडले आणि मागे दक्षताकडे बोट दाखवलं. दादाने आतलं पान उलटलं, वाचलं, आणि माईक चालू आहे हे विसरून म्हणाला, “ही आपली दक्षी?”

जेवणं सुरू झाली तसे बाबा शाल सावरत कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. पुस्तक मांडीवर. ते सावकाश, बोट ठेवून वाचत. बोट त्या पानावरच्या शेवटच्या ओळीवर होतं : शब्दांकन, दक्षता वैती-मढवी. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बाबांनी वर बघितलं नाही.

“सगला आयकलंस तू?”

“हो बाबा.”

“ता पन?”

“ते पण.”

बाबांनी पुस्तक मिटलं. ओशाळले असतील तर तसं दिसलं नाही. खांद्यावरची शाल काढून त्यांनी घडी केली, जरा वेळ घेऊन, आणि म्हणाले, “मंग बरा झाला. आता माना बोलाला नको.”

तेवढ्याने सुटले असते सगळे. पंगतीत जागा झाली होती, दादा हाका मारत होता. तिने हो म्हटलं असतं तर बापलेक उठून जेवायला गेले असते आणि इतकी वर्षं जसं चाललं तसं पुढे चाललं असतं. तिच्या आत काहीतरी हललं. काय ते तिला ओळखता आलं नाही, सवय राहिली नव्हती.

“माना बोलाचा हाय पन,” ती म्हणाली.

बाबांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. बाजूची खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली. ती बसली. काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि बाबा तिने सुरू करायची वाट बघत होते.