धाकटीच्या अंगावरच्या रेघा

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसांत मी आजवर शहाणाच ठरत आलो आहे.

मला दगड जमवायचा नाद होता. समुद्रकाठी हिंडून शंख-जीवाश्म गोळा करणाऱ्यांबद्दल मी पुस्तकांत वाचलं होतं. बीड जिल्ह्यात समुद्र कुठून आणायचा? पण गेवराई तालुक्याला गंगेचा काठ आहे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. पूर ओसरला की तिच्या दरडीतून अकीक निघतात, गारगोट्या निघतात, आणि नशीब जोरावर असेल तर दगड झालेलं एखादं हाड. मी उमापूरच्या बाजूला हायस्कुलात भूगोल शिकवायचो. सुटीच्या दिवशी जीपच्या मागे लोंबकळत जायचो आणि काठानं पायी फिरायचो. नव्वदीनंतरची ती वर्षं. गावात एसटीडीचा पिवळा बोर्ड लागला होता, पत्र्यांवर डिश उगवत होत्या, जो तो जगाकडे बघायला लागला होता. मी तेवढा खाली बघून चालायचो. लोक मला 'दगडं सर' म्हणत. मला ते आवडायचं.

आणि मी देवाधर्माची टिंगल करायचो. शेंदूर फासलेला दगड दिसला की माझा ठरलेला विनोद असे — 'हा साधा काळा दगड. शेंदरानं त्याला बढती मिळाली.' स्टाफरूम हसायची.

काठावरच्या एका वाडीत पारूमावशी राहायच्या. भोयाच्या घरातल्या, साठीच्या पुढच्या. मासे धरायची जाळी विणायच्या. दोन्ही काठांवरून लोक त्यांच्याकडे जाळी न्यायला येत. विणताना बघायच्या नाहीत. बोटं चालायची, तोंड चालायचं. पाण्याच्या कडेला सात आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवी-बहिणींचे, सात दगड मांडलेले होते, त्यांची पूजा यांच्याकडे. दर शुक्रवारी धुवायचं, तेल-शेंदूर लावायचा.

एका वर्षी पुरानंतर त्यांनी मला मुद्दाम हाक मारली. "सर, तुमाला दगडाचं कळतं म्हन्त्यात. धाकटीचा चोळा गळाला, बघा तर."

पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचं कवच निघालं होतं. आतला दगड त्यांनी माझ्या हातात दिला. तपकिरी, आकाराच्या मानानं जड, आणि वरून एकाशेजारी एक उभ्या रेघा — टाकी लावलेल्या जात्यासारख्या. तो हत्तीचा दात होता. दाढ. हजारो वर्षांपूर्वी या काठावर पाणी प्यायला आलेल्या हत्तीची.

मी मागितला. त्या हसल्या. "येडे का काय, सर? देव कुनी देतं व्हय? माझ्या सासूच्या सासूनं काढली हिला गंगेतून."

मग मी काय केलं? मनातल्या मनातसुद्धा इथं येऊन माझं वाक्य दर वेळी अडतं.

मी तेवढ्याच आकाराचा एक दगड शोधला. घरी आणून त्याला तेल-शेंदराचे थर दिले, वाळवले, पुन्हा दिले. बायकोनं विचारलं तेव्हा 'प्रदर्शनासाठी' म्हणालो. दोन-तीन महिन्यांनी, धाकटीवर नवा शेंदूर चांगला चढला तेव्हा, बाजाराच्या दिवशी भर दुपारी गेलो. वाडी रिकामी होती. काम मिनिटभराचं होतं.

दात शहरातल्या एका कॉलेजच्या कपाटात गेला. शाल मिळाली, नारळ मिळाला. प्रमुख पाहुणे तालुक्याचे पुढारी होते; त्यांनी दाताकडे बराच वेळ पाहून मला हळूच विचारलं, "हा हत्ती आपल्याच गटातला ना?" हा किस्सा मी पुढे कितीतरी वर्षं सांगितला. त्यात हास्यास्पद कोण होतं, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला.

पुढच्या खेपेला काठावर गेलो तेव्हा मावशी वाट बघत होत्या. सून शेजारी भांडी घासत होती.

"सर, ही आमची धाकटी न्हाई."

"कावून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. चेष्टेनं.

"तिच्या अंगावर रेघा हायत. नव्या शेंदराखालून बी हाताला लागायच्या. ही गुळगुळीत लागती."

पोरांना मी दर वर्षी शिकवत होतो — निरीक्षण करा, नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका. आणि माझ्या सगळ्या हिशेबात हात नव्हतेच. शेंदूर सगळं झाकतो, एवढंच मी धरून चाललो होतो. तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. दात परत आणता आला असता. कपाटाला साधं कुलूप होतं. मी म्हणालो, "मावशी, वय झालं. हाताची कातडी मरते. आतली जाणीव जाते."

सून खळखळून हसली. "मी बी त्येच म्हन्ते, सर! आत्याबाईला आता मीठ न् साखर बी सारखंच लागंल."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःचे तळवे उलटसुलट करून बघितले. बराच वेळ. "सर म्हन्त्यात म्हंजी आसंल," म्हणाल्या.

त्यांनी आसरांची पूजा सुनेला दिली. मरत्या हातानं देवाला शिवू नये, असं त्यांनीच ठरवलं. मग जाळी सोडली. गाठ पडली की नाही ते आता कळत न्हाई, म्हणायच्या — आणि मी समोर बसून चहा प्यायचो. बाजारात तयार नायलॉनची जाळी आलीच होती, त्यांचं काम नाहीतरी सुटलंच असतं, असं मी पुष्कळ दिवस मनाला सांगितलं. पण नायलॉननं त्यांना हात मेल्याचं सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं. त्यांनी एका देवाइतकाच विश्वास माझ्यावर ठेवला होता, आणि त्या वेळी दोघेही खोटे होते.

शेवटची काही वर्षं त्या ओट्यावर रिकाम्या बसलेल्या असत. बोटं मांडीवर अधूनमधून हलायची, मग त्या एका हातानं दुसरा धरून ठेवायच्या.

त्या गेल्या, खरं न कळताच.

दात अजून त्या कपाटात आहे. खाली कार्डावर 'शोधकर्ता' म्हणून माझं नाव आहे. माझा दगड काठावर आहे. मागे गेलो तेव्हा त्याला कुणी हिरव्या बांगड्या वाहिल्या होत्या. मी वाकून त्यावर हात फिरवला. गुळगुळीत होता.

मावशींचे हात शेवटपर्यंत चांगले होते.