म्युझियममधली एकटी महालक्ष्मी

दुबईत मी एसीच्या डक्टचं काम करतो. सुट्टीच्या दिवशी रूमवर बसवत नाही मला. त्या रविवारी तर मुळीच बसवेना, कारण आदल्या दिवशी उज्जैनहून आईचा फोन आला होता. यंदापासून महालक्ष्म्या बसवणार नाही, मुखवटे इंदौरच्या काकूंना देऊन टाकते, म्हणाली. बाबा गेल्यापासून तिला एकटीला झेपत नाही, आणि मी दर साली ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणतो.

अबुधाबीचं मोठं म्युझियम बघायचं ठरवलं. मंदसौरचा बबलू माझा रूममेट. तो म्हणाला, “मूर्ती देखने के लिए टिकट? उज्जैन वाला होके?” पण आला. जाणार असाल तर बसचं कार्ड आधी भरून ठेवा, तिकीट मोबाईलवरच काढा आणि घरून पोटभर खाऊन निघा. आतला चहा आपल्या खिशाचा नाही.

गर्दी कशी, तर सोमवती अमावस्येला उज्जैनच्या रामघाटावर स्नानाला असते तशी. फक्त कोणी भिजलेलं नव्हतं. ढकलत ढकलत एका काचेसमोर आलो आणि थांबलोच. संगमरवरी देवीचं डोकं, खाली नुसता लोखंडी दांडा. साडी नेसवायच्या आधी स्टँडवर चढवलेला आमचा मुखवटाच जणू. लहानपणी तेवढ्या वेळेपुरतं आई आम्हाला खोलीबाहेर काढायची.

आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने बराच वेळ पाहिलं.

“आणि दुसरी कुठंय रे?”

खरंच की. ज्येष्ठा आहे तर कनिष्ठा हवीच. फोन हातात धरून मी पुढचे तीन-चार हॉल पालथे घातले. शेवटी बबलूने गार्डला विचारलं, “भैया, इनकी बहन किधर रखी है?” तो नेपाळी निघाला. हसला नाही बिचारा. एकच आहे, असं हात हलवून सांगितलं त्याने.

आईला सांगितलं, एकटीच आहे.

ती म्हणाली, “काकूंना नाही म्हणून कळवते. होईल तसं बसवीन.”

“मी येतो,” मी म्हटलं. या वेळी पुढच्या वर्षाचं नाव काढलं नाही. सुपरवायझरच्या मागे लागून सुट्टी घेतली.

शारजाहून विमानाने इंदौर, तिथून बसने उज्जैन. टावर चौकातून वेण्या घेतल्या. साड्या आईनेच नेसवल्या. या वेळी मला खोलीबाहेर नाही काढलं, पिना धरून उभं केलं. दोघींमधलं अंतर मात्र तीनदा बदलायला लावलं. सोळा भाज्या, पुरण, आंबील. काकू जेवून, ओटी घेऊन गेल्या. मुखवट्यांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

बबलू फोनवर विचारत होता, म्युझियम कसं वाटलं म्हणून घरी काय सांगितलंस. काय सांगणार? तिथली चित्रं आठवत नाहीत. ते देवीचं डोकं आठवतं, आणि तिच्यासमोर फोटो काढून पुढे सरकणारी माणसं.

तिसऱ्या दिवशी दोन्ही मुखवटे आईने एकाच जुन्या साडीत गुंडाळले, समोरासमोर तोंडं करून. पेटी मी माळ्यावर चढवली. खाली उतरलो तेव्हा ती शिडी धरून उभी होती.