खुरांवरचं पाणी

मामा गावाहून गाय घेऊन आला. दादाने फाटक लावून घेतलं.

हैदराबाद संस्थान भारतात सामील होण्याच्या आधीचे दिवस होते. मामाचं गाव जाळलं गेलं होतं. घर, कडबा, मामी, सगळं गेलं. दावं तोडून पळालेली ही एक गाय त्याला ओढ्यात सापडली. तिला घेऊन तो हैदराबादपर्यंत चालत आला होता.

शहरात चिक्कडपल्लीच्या मागे आमच्या नऊ म्हशी होत्या. त्यांच्या दुधावर घर चालायचं आणि दादा मला शाळेत पाठवायचा. गावोगाव गुरांमध्ये बुळकांडीची साथ पसरली होती. जनावरांच्या दवाखान्याचं उर्दू पत्रक मीच त्याला वाचून दाखवलं होतं: बाहेरचं जनावर तीन आठवडे लांब बांधा, त्याचा चारा, पाणी, शेण, काहीही गोठ्यात येऊ देऊ नका. तेव्हापासून गोठ्याच्या दाराशी चुन्याच्या पाण्याचं घमेलं होतं. त्यात पाय बुडवल्याशिवाय दादा आईलाही आत सोडत नसे.

"मामा, तुम्ही या. गाय बाहेर चिंचेखाली राहील."

"माझी बायको जळाली रे. आणि तू हिला रोगी म्हणतोस?"

"तीन हफ्ते, मामा. जास्त नाही."

"डोकं फिरून हौला झाला काय गं तुझा पोरगा?" मामा आईला म्हणाला. "बहिणीकडून चार कागद वाचून घेतले की डाक्टर!"

दादा दूध घालायला हिमायतनगरला गेला तेव्हा आई तांब्या-परात घेऊन चिंचेखाली गेली. दारी आलेल्या गाईचे पाय धुवायचे आणि ते पाणी घरच्या गुरांवर शिंपडायचं, अशी आमच्याकडची रीत. तिने कुंकू लावलं, खुरांवर पाणी ओतलं, परात उचलली. गोठ्यात शिरताना चुन्यात पाय बुडवायला मात्र ती विसरली नाही. मी पुस्तक घेऊन ओट्यावर बसले होते. आई रडत होती. मी तिला अडवलं नाही.

आठवड्याच्या आत गाय तापली, मग म्हशी. तोंडं सडली. शेणाऐवजी रक्त पडू लागलं, भिंती कमरेपर्यंत लाल झाल्या. सात मेल्या. उरलेल्या दोघी फरशीवर डोकी आपटत होत्या. दादाने कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने त्यांची कपाळं फोडली आणि तीच कुऱ्हाड घेऊन तो चिंचेखाली गेला.

मामा गाईच्या गळ्याला मिठी मारून बसला होता. दादाने कुऱ्हाड फेकली आणि काठी उचलली. काठी मोडेपर्यंत त्याने मामाला मारलं, मग लाथांनी. मामाने हातसुद्धा आडवा धरला नाही.

"कोणी नेली ही आत? बोला!"

मामाने आईकडे पाहिलं. त्याच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं.

"मी," तो म्हणाला.

आई भिंतीला धरून उभी होती. मी तेव्हाही बोलले नाही.

गाय जगली. तिला घेऊन मामा निघून गेला, तो परत आला नाही. पुढे आई गेली. या वर्षी दादा गेला. मामाचं नाव त्याने मरेपर्यंत घरात काढू दिलं नाही. काय घडलं ते आता एकट्या मला माहीत आहे.