टाइपमावशींच्या कानातली खरखर

टाइपमावशींना किळस फार पटकन येते. खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल दिसला तरी येते, बेसिनमध्ये केस दिसला तरी येते. शेजारच्याने जिन्यात घसा खाकरला की या दुसऱ्या मजल्यावर दार लावून घेतात. अशा बाईच्या वाट्याला काम काय यावं? तर डॉक्टरांनी बोलून ठेवलेले तपासणीचे अहवाल ऐकायचे आणि टाइप करायचे. गळू, पू, अल्सर, सगळं अकरा वर्षं कानावाटे आत आणि बोटांवाटे बाहेर. त्यांच्या कपाळाला कधी आठी पडली नाही. "रोगाची कसली किळस?" त्या म्हणायच्या. "किळस माणसाच्या सवयींची."

त्यांचं अर्धं टायपिंग पायाने चालतं. टेबलाखाली एक पेडल आहे. अंगठ्याने दाबलं की डॉक्टर बोलतात, पाय उचलला की गप्प होतात आणि दोन सेकंद मागे सरकतात. उजव्या पायातली चप्पल काढल्याशिवाय मावशींना एक ओळ टाइप होत नाही.

तर या टेबलावर एक दिवस हॉस्पिटलचं पत्र आलं. तुमच्या संगणकावरची सिस्टिम जुनी झाली, तिला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, तेव्हा सोळा तारखेपासून अशा मशीनवर काम पाठवलं जाणार नाही. मशीन तरी कुठे गप्प होतं! रोज सकाळी पडद्यावर चौकट यायची: नव्या आवृत्तीसाठी आपला संगणक पात्र नाही.

"पात्र नाही!" मावशींच्या डोक्यात तिडीक गेली. "अकरा वर्षं रोज पुसतेय मी याला, आणि हा मला पात्रता शिकवतोय!"

धाकट्या भावाला मात्र बरंच वाटलं. "ताई, पुरे आता. आमच्याकडे ये राहायला. मागची खोली रिकामीच आहे. मुलांकडे बघ आणि आराम कर."

मुलांकडे बघणं आणि आराम करणं एकाच वाक्यात बसवायला धाकटा भाऊच लागतो. मावशींना ती खोली डोळ्यांपुढे आली, तिच्यातल्या पलंगावरची चिकट खेळणी आली, आणि अंगावर काटा आला. "फुकट मिळणाऱ्या सिस्टिम असतात म्हणे," त्या म्हणाल्या. "त्यातली एखादी घालीन."

"घाल. पण पंधरा तारखेपर्यंत नाही चालली, तर मशीन भंगारात आणि तू आमच्याकडे. कबूल?"

"कबूल," मावशी रागाच्या भरात म्हणाल्या, आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

भाऊ वचनाला पक्का. त्याने स्वतःच एक सिस्टिम पेनड्राइव्हवर आणून दिली. निवडली होती रूपावर. खिडक्या उघडताना लहरत होत्या, बंद होताना विरघळत होत्या. मशीनचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला, आणि वायफायचा पत्ताच नव्हता.

"दिसायला काय झकास आहे बघ!" भाऊ म्हणाला.

"आणि अहवाल कसे पाठवू? कबुतराच्या पायाला बांधून?"

शेवटी मावशी जिन्याखालच्या दुकानात गेल्या. तिथली दुरुस्तीवाली अख्ख्या इमारतीचे संगणक जिवंत ठेवते. सगळं ऐकून ती म्हणाली, "मावशी, आधी सिस्टिम बघायचीच नाही. आधी मशीनच्या पोटात काय आहे ते बघायचं. मग त्या पोटाला काय पचतं ते."

तिने वर येऊन कॅबिनेटचं झाकण उघडलं. आत धुळीचं लोकरीसारखं करडं अस्तर होतं, पंख्याच्या पात्यांत केस गुंतले होते, आणि तळाशी एक झुरळ पालथं पडलं होतं.

"हे... हे माझ्या गुडघ्याशेजारी होतं?"

"बरेच दिवस असावं. वाळलंय चांगलं."

मावशींनी कशालाही हात लावला नव्हता, तरी त्या कोपरापर्यंत हात धुऊन आल्या. मग लांब उभं राहून त्यांनी वहीत उतरवून घेतलं: वायफायचं कार्ड अमुक नंबरचं, साउंड तमुक, मेमरी चार जीबी, प्रिंटर, पेडल. पुढचे चार दिवस त्या इंटरनेटवर एकेका सिस्टिमच्या पानावर जाऊन ही यादी पडताळत होत्या. तिथले जाणकार म्हणजे दुसरं दुखणं. एका गृहस्थाने विचारलं होतं की माझा प्रिंटर का चालत नाही, तर सात जणांनी त्याला प्रिंटर लागतोच कशाला म्हणून झापलं होतं, आणि पुढे त्या सातांचंच आपसात जुंपलं होतं. "शिकली-सवरलेली माणसं ही!" मावशी वहीवर रेघ मारत पुटपुटल्या. बारांपैकी दोन सिस्टिम उरल्या. दुरुस्तीवालीने त्या दोन पेनड्राइव्हवर घालून दिल्या. मशीनमध्ये काही न बदलता नुसत्या चालवून बघायच्या.

पहिलीवर वायफाय लागलं, प्रिंटर लागला, पेडलने डॉक्टर पडद्यावर पुढे-मागे सरकलेसुद्धा. आता आवाज. मावशींनी मुद्दाम सगळ्यात अवघड डॉक्टर निवडले. यांना त्या मनात 'बिचारे डॉक्टर' म्हणायच्या. जीभ जड, शब्द तोंडातच घोळणारे. काहीतरी जन्मजात असणार, असं मावशींनी ठरवलं होतं. दुसऱ्यांचं वाक्य एकदा ऐकायच्या, यांचं चारदा, पण कधी तक्रार केली नाही.

मावशींनी पेडल दाबलं आणि कानात खर्र झालं. मग कुरकुर, मग पुन्हा खरखर. साउंड कार्ड पचलं नाही, असा निकाल देऊन त्यांनी दुसरी सिस्टिम लावली. तिच्यावरही तेच.

तो दिवस नेमका पंधरा तारखेचा. दुपारी भाऊ चार रिकामे खोके घेऊन दारात उभा. "ताई, कपडे यात भर. पुस्तकं त्यात."

मावशी खोक्यांना वळसा घालून निघाल्या. पेनड्राइव्ह परत द्यायला खाली गेल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून दुरुस्तीवालीने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"दोन्हीवर सारखीच खरखर? असं कसं होईल? दुसऱ्या डॉक्टरांचं ऐकलंत का?"

"नाही. यांचं नीट आलं की सगळ्यांचं येणारच ना!"

ती वर आली. तिने दुसऱ्या डॉक्टरांची फीत लावायला सांगितली. आवाज काचेसारखा स्वच्छ. मग बिचाऱ्या डॉक्टरांचा नाव-गाव नसलेला एक मधला तुकडा हेडफोन लावून ऐकला, आणि तोंडावर हात धरून हसायलाच लागली.

"अहो मावशी, हा माणूस खातोय!"

"काय?"

"वेफर्स. पाकिटातून. हे बघा, आता बोटं चाटतोय."

मावशींनी हेडफोन ओढून घेतले. पाकीट चुरचुरलं. मग डॉक्टर म्हणाले, "मोठ्या आतड्याच्या," मग कुर्रम, "आतील अस्तरावर," मग जिभेने दाढेतलं काहीतरी काढल्याचा ओला आवाज, "सूज दिसते."

"पण इतकी वर्षं कसं नाही ऐकू आलं?"

"जुन्या सिस्टिमवर खरखर गाळणारं काहीतरी चालू असणार. त्यात पाकीटही गेलं आणि अर्धे शब्दही. तुमचं कार्ड ठणठणीत आहे. दोन्ही सिस्टिमना चांगलं पचलंय."

मावशी खुर्चीत बसल्या. अकरा वर्षांची कणव एका पाकिटावर गेली होती. या माणसाच्या जिभेला गुण यावा म्हणून त्यांनी मनातल्या मनात किती वेळा काय काय म्हटलं होतं! "शी!" त्या म्हणाल्या. मग आणखी खोलातून, "शी गं बाई!"

"म्हणजे चालतंय का नाही?" भावाने दारातून विचारलं.

"चालतंय. इतकं छान चालतंय की ओकारी येतेय. खोके उचल."

"ताई, पण खोली—"

"खोके उचल म्हटलं ना!"

दोन सिस्टिमपैकी जी चार जीबीत आरामात राहील आणि जिला पुढची काही वर्षं अपडेट मिळतील, ती संध्याकाळपर्यंत मशीनमध्ये बसली. जुन्या फायली आधीच काढून ठेवल्या होत्या. मावशींनी सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती हॉस्पिटलला कळवली, सोबत एक अहवाल पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आलं: मान्य आहे, काम चालू ठेवावं. पाठोपाठ नव्या फितीही आल्या.

पहिलीच फीत सर्वांत मोठ्या डॉक्टरांची. शांत, भारदस्त आवाज, आणि त्याला नेहमीच एक हलकासा घुमारा. मोठ्या दालनात बसून बोलत असतील, अशी मावशींची समजूत होती. अहवाल निम्म्यावर आला आणि मागे कुठेतरी नळ ठिबकताना ऐकू आला. मग कडी सरकली. मग डॉक्टर 'निष्कर्ष' एवढंच बोलून थांबले, आणि टाकीतलं सगळं पाणी एकदम खाली गेलं.

मावशींचा पाय आपोआप उचलला गेला. डॉक्टर गप्प झाले आणि दोन सेकंद मागे सरकले, म्हणजे ते पाणी आता पुन्हा ऐकावं लागणार होतं. मावशींनी हेडफोन काढले, दोन्ही बाजूंनी पुसले, पुन्हा कानांवर चढवले, आणि डोळे घट्ट मिटून पेडल दाबलं.