उलटलेला मासा

पिनांगच्या धक्क्यावर आमची घरं पाण्यात खांब रोवून बांधलेली. फळ्यांच्या भिंतीपलीकडचं भांडण ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतंच. शेजारचा बेंग हुआत नांगरलेल्या बोटींना होडीतून भाजी पोचवायचा, पण स्वतः कधी बोटीवर चढला नाही. त्या दिवशी त्याची बायको गेक चू तापली होती.

"लेकीनं सहलीच्या बोटीची तिकिटं काढलीत. फुकेत, मग सिंगापूर. मला त्या बोटीवर नाचायचंय, म्हाताऱ्या."

"एवढं लोखंड तरंगतं कसं, ते आधी सांग. एक अपशकुन दिसला, की फुकेतला उतरून बसनं घरी."

एवढ्या अटीवर तो तयार झाला, आणि तिकीट काढून मीही त्यांच्यासोबत गेले. त्यांचं भांडण ऐकल्याशिवाय मला घास उतरत नाही.

बोट म्हणजे नुसतं खाणं. पहिल्याच जेवणात वाढप्यानं अख्खा मासा आणला आणि वरची बाजू संपताच चमच्यानं पालथा केला. आम्हा दर्यावरच्या माणसांत मासा उलटला की बोट उलटते.

बेंग हुआत ताडकन उठला. "सामान भर."

गेक चूनं जेवायच्या काड्यांनी मासा पुन्हा उलटला. "घे, झाली बोट सरळ. आता बस."

तो इतका हसला की नाकातून सूप आलं. सिंगापूरपर्यंत दोघं रोज नाचली. परक्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, टाळ्या वाजवून माझे हात सुजले.

पुढं बरीच वर्षं तो जगला. शेवटच्या दिवशीही त्यानं रोजच्यासारखी भाजी पोचवली, वर चढून खलाशांबरोबर चहा घेतला आणि होडी बांधून घरी आला.